घाटपायथ्याची साखळी

चोर्ल्याच्या माथ्यावर रात्रभर पाऊस कोसळला की साखळीच्या बाजारातले दुकानदार सकाळी दुकान उघडण्याआधी वाळवंटी नदीचे पाणी बघून येतात. पाणी कितपत तांबडे झाले आहे, कुठवर चढले आहे आणि समुद्राची भरती किती वाजता आहे एवढे कळले की दिवसाचा अंदाज बांधता येतो. भरतीची चौकशी ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटते, कारण इथून समुद्र दिसत नाही, त्याचा वारासुद्धा लागत नाही. पण मांडवीतून आत शिरलेली भरती वाळवंटीचे पाणी अडवून धरते, वरून घाटाचे पाणी येतच असते आणि मधल्यामध्ये साखळीचा सखल बाजार बुडतो. एके काळी हे पावसाळ्यातले ठरलेले संकट होते. पुढे नदीला संरक्षक भिंत बांधली गेली आणि नदी चढली की बाजारातल्या नाल्याचे पाणी पंपाने नदीत फेकायची सोय झाली. तरी पंप वेळेवर सुरू झाला की नाही, हा इथला पावसाळी चर्चेचा विषय अजून टिकून आहे.

गोव्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण किनाऱ्यावरून सुरुवात करतात आणि किनाऱ्यावरच थांबतात. हे प्रकरण मी साखळीवर बेतले त्याला कारण आहे. या राज्याचे पाणी, लोखंड, बंडखोर आणि आश्रयाला गेलेले देव हे सगळे घाटाच्या पायथ्याच्या पट्ट्यातले. किनाऱ्यावरचा गोवा हा त्या पट्ट्याच्या जिवावर उभा आहे, आणि ही गोष्ट पर्यटनखात्याच्या चित्रांत कुठे दिसत नाही.

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. उत्तर-दक्षिण लांबी शंभर किलोमीटरच्या थोडी पुढे, पूर्व-पश्चिम रुंदी साठ-पासष्ट. एवढ्याशा रुंदीत सह्याद्रीचा माथा ते अरबी समुद्र हा सगळा उतार बसवलेला आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने खाली यावे म्हणजे तो अंगावर येतो. सुमारे आठशे मीटर उंचीवरची गार हवा, मग वळणे, मग केरी गाव आणि तीसेक किलोमीटरच्या आत समुद्रसपाटीला जवळजवळ टेकलेली साखळी. बेळगावची भाजी आणि दूध घेऊन येणाऱ्या गाड्यांचा हा रोजचा रस्ता आहे. पूर्वी याच वाटेने घाटावरचे बैलांचे तांडे उतरत आणि नदीतून आलेल्या होड्या खालून येत. साखळीत बंदरवाडा नावाचा भाग आहे; समुद्र नसलेल्या गावात बंदर कसे, याचे उत्तर नदीच्या भरती-ओहोटीत आहे. होडी जिथवर जाऊ शकते आणि बैल जिथवर उतरू शकतो, त्या दोघांच्या गाठीवर बाजार बसतो. साखळी तशी बसली.

किनारपट्टीवर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटाकडे सरकावे तसा तो वाढत जातो. शेजारच्या सत्तरी तालुक्यातले वाळपई हे तर दरवर्षी राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या केंद्रांत असते. हा पाऊस चार महिन्यांत येतो आणि नद्यांतून काही तासांत समुद्रात जायला निघतो. त्याला वर्षभर धरून ठेवायचे काम करतो तो जांभा. साखळी ज्या डिचोली तालुक्यात आहे तिथल्या टेकड्यांचे माथे सपाट असतात, त्यांना इथे सडा म्हणतात. उन्हाळ्यात सडा काळपट, करपलेला, निरुपयोगी दिसतो आणि म्हणून सरकारी कागदांवर त्याची नोंद पडीक जमीन अशी होते. हा शेरा मारणाऱ्याने जुलैत एकदा तिथे जावे. जांभ्याच्या छिद्राछिद्रांतून पाणी आत उतरत असते, वर वीतभर गवतात कीटकभक्षी वनस्पतींपासून निळ्या-जांभळ्या रानफुलांपर्यंत सगळे फुललेले असते, आणि हेच मुरलेले पाणी पुढे एप्रिल-मेपर्यंत टेकडीच्या कुशीतून झरीच्या रूपाने बाहेर पडत राहते. झरीच्या खाली कुळागर. कुळागर म्हणजे नुसती सुपारीची बाग नव्हे. सुपारी, माड, केळी, मिरवेल, मधे जायफळ, कडेला फणस, खाली अळू आणि हळद असे मजले रचलेले असतात, आणि त्या सगळ्यांना झरीचे पाणी दगडी पाटातून फिरवलेले असते. त्याच्याही खाली भातशेती, पावसाळ्याची एक आणि पाणी असेल तिथे हिवाळ्यातली वायंगणी. सडा उकरला की हे सगळे खालपर्यंत कोरडे पडते.

जांभ्याने या परिसराला आणखी एक गोष्ट दिली. साखळीपासून जवळच हरवळ्याला कोरीव लेणी आहेत. गावात त्यांना पांडवांची गुंफा म्हणतात. अभ्यासक ती साधारण सहाव्या-सातव्या शतकातली मानतात. आत ओळीने कोरलेल्या खोल्या आहेत, शिवलिंगे आहेत आणि एका लिंगावर ब्राह्मी वळणाच्या लिपीतला संस्कृत लेख आहे. अजिंठा-कार्ल्याच्या भव्य लेण्यांची सवय असलेल्या मराठी माणसाला ही फार साधी वाटतील. पण ती बेसॉल्टमध्ये नाहीत, जांभ्यात आहेत. जांभा ताजा असताना कुऱ्हाडीने कापता येतो आणि वारा-ऊन लागले की टणक होतो. म्हणूनच गोव्यात घरे त्याच्या चिऱ्यांनी बांधतात. मात्र त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. या कलाकारांनी दगडाचा स्वभाव ओळखून काम केले, असे मला तरी वाटते. लेण्यांपासून थोड्या अंतरावर हरवळ्याचा धबधबा कोसळतो आणि त्याच्या पायथ्याशी रुद्रेश्वराचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला भंडारी समाजाची इथे मोठी दाटी असते.

इतिहासाकडे वळताना एक तारीख लक्षात ठेवावी लागते. पणजी-जुने गोवे असलेल्या तिसवाडीत पोर्तुगीज १५१० साली आले. बार्देस आणि साष्टी त्यांनी १५४३ पर्यंत ताब्यात घेतले. डिचोली आणि साखळी त्यांच्या हाती कायमची पडली ती १७८१ साली, म्हणजे दोनशे चाळीस वर्षे उशिरा. तोवर हा मुलूख आधी आदिलशाहीचा, मग मराठ्यांचा आणि सावंतवाडीच्या भोसल्यांचा. मध्ये १७४६ मध्ये व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेइदा याने पेडण्यातला हळर्णचा किल्ला जिंकला आणि डिचोली-साखळीही घेतली. त्या विजयाचा पोर्तुगालमध्ये एवढा गाजावाजा झाला की त्याची जुनी पदवी बदलून त्याला आलोर्नाचा मार्क्विस केले. शापोरा नदीकाठच्या एका गावाचे नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला लागले, ते असे. काही वर्षांत हा प्रदेश भोसल्यांना परत द्यावा लागला, पण पदवी राहिली.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे तालुके 'नव्या काबिजादी'. अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि नव्या प्रजेच्या धर्मात हात घालायचा नाही हे धोरण पोर्तुगिजांनी पत्करले. त्यामुळे जुन्या काबिजादीत जशी देवळांच्या जागी चर्च उभी राहिली, तसे इथे घडले नाही. उलट सोळाव्या शतकात नदीपलीकडून पळवून आणलेले देव याच पट्ट्यात आधीपासून राहत होते. कदंब राजांचे दैवत सप्तकोटीश्वर हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर. तिथले देऊळ पाडल्यावर लिंग मांडवीच्या अलीकडे, डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावी आणले गेले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराच्या बांधकामाची आज्ञा दिली. दारावरचा शिलालेख अजून वाचता येतो. त्याच तालुक्यात, डिचोली शहरात, एक नमाजगाह आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला तेव्हा काही काळ या भागात राहिला होता. ही वास्तू त्या काळातली असे मानतात. नार्वे ते डिचोली हे अंतर थोडके आहे. दोन्ही एका फेरीत बघावीत.

साखळीचे नाव निघाले की राण्यांचे नाव निघतेच. सत्तरीचे राणे हे मोकासदार, म्हणजे वसुलीचे आणि जमिनीचे वतन असलेले सरदार. पोर्तुगिजांना त्यांनी सुखाने राज्य करू दिले नाही. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढे तीनेक वर्षे सरकारला जेरीस आणले. १८९५ मध्ये पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी आफ्रिकेत लढायला जायचे नाकारले, तेव्हाही राणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते बंड मोडायला पोर्तुगालच्या राजाचा भाऊ सैन्य घेऊन गोव्यात आला. या बंडांकडे केवळ स्वातंत्र्ययुद्ध म्हणून बघायची आपल्याकडे सवय आहे. वतन, सारा, मानपान ही कारणेही त्यांत तितकीच होती, आणि ती सांगितल्याने राण्यांचे शौर्य उणे होत नाही.

नदीपलीकडे कारापूरला विठ्ठलापूर आहे. तिथले विठ्ठलमंदिर राण्यांच्या घराण्याशी जोडलेले, आणि पंढरपूर लांब पडणाऱ्या उत्तर गोव्यातल्या भाविकांची आषाढीची वाट इथेच येऊन मिळते. चैत्रातल्या उत्सवात वीरभद्र निघतो. अंगात संचार झालेला, हातात तलवारी घेतलेला माणूस मध्यरात्रीनंतर गर्दीतून नाचत येतो; त्याला आवरायला दोघे-तिघे लागतात. कार्तिकात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत दिवे सोडतात आणि नौकांचा उत्सव होतो. कागद, लाकूड, थर्माकोल अशा साहित्याच्या, घरांत आठवडे खपून केलेल्या सजवलेल्या होड्या नदीत उतरतात, त्यांची स्पर्धा लागते. कथा त्रिपुरासुराच्या वधाची आहे. पण कथा बाजूला ठेवली तरी हा घाट आणि पात्र यांचाच उत्सव आहे: पूर ओसरलेला, पाणी निवळलेले, बंधाऱ्याच्या फळ्या अजून घालायच्या आहेत, असा तो नेमका आठवडा असतो.

शिगम्यात डिचोली-सत्तरीत घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोड्याचे धड बांधून, डोक्याला फेटा आणि हातात नंगी तलवार घेऊन तरुण गावच्या वेशीपर्यंत नाचत जातात आणि परततात. घोडदळाची आठवण पायदळाने जागवायची ही रीत आहे. दोडामार्गच्या सीमेवरच्या साळ गावात होळीच्या वेळी गडे निघतात. रात्री डोंगरात दिसणाऱ्या दिव्यांमागे ते धावत सुटतात आणि हजारो लोक काळोखात बसून बघतात. शिरगावची लईराई तर सगळ्या गोव्याची. वैशाखातल्या जत्रेला व्रतस्थ धोंड तळीत न्हातात आणि पहाटे होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. लईराईच्या बहिणी गावोगाव आहेत, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई. आणि एक बहीण मिराबाई, ती म्हापशाची मिलाग्रीस सायबीण झाली असे लोक मानतात. म्हापशाच्या चर्चचे फेस्त आणि शिरगावची जत्रा यांत आजही देवाणघेवाण चालते. धर्म बदलला तरी नाते तोडायचे नाही, हे लोकांनी कुणालाही न विचारता ठरवून टाकले. मे २०२५ मध्ये याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. अरुंद उतार आणि लाखांची गर्दी यांचा हिशेब श्रद्धेवर सोडून चालत नाही, एवढे तरी त्यातून शासनाला आणि देवस्थानांना कळायला हवे.

२०११ च्या जनगणनेत डिचोली तालुक्याची लोकसंख्या ९७,९५५ होती आणि सत्तरीची ६३,८१७. डिचोली तालुक्यात डिचोली आणि साखळी अशा दोन नगरपालिका सोडल्या तर बाकी सगळी गावे. मराठे, भंडारी, गावडे, चारी, कुंभार, डोंगरावरचे धनगर, साखळी-डिचोलीच्या बाजारातले मुसलमान व्यापारी, थोडे ख्रिस्ती. डिचोलीच्या समया आणि मातीची भांडी पूर्वी गोवाभर जात. चवथीला अजून त्यांना मागणी येते. घरात बोलतात ती कोकणी, पण पणजी-मडगावची नव्हे. पेडण्याकडे जावे तशी ती मालवणीत मिसळत जाते. देवळातले भजन, कीर्तन, वर्तमानपत्र आणि जत्रेतले उत्सवी नाटक मात्र मराठी. जत्रा आहे आणि गावच्याच पोरांनी बसवलेले मराठी नाटक नाही, असे या भागात सहसा होत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीचाही वापर मान्य केला. व्यासपीठांवर हा वाद अजून पेटतो, पण साखळीच्या घरात आई एका भाषेत ओरडते आणि आजोबा दुसऱ्या भाषेत पोथी वाचतात, आणि दोघांना त्यात काही विसंगत वाटत नाही. 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड उभे करणारे पंडित महादेवशास्त्री जोशी शेजारच्या सत्तरीतल्या आंबेडे गावचे. त्यांच्या कथेवरचा 'मानिनी' हा चित्रपट महाराष्ट्रातल्या मागच्या पिढ्यांनी डोळे पुसत पाहिला. त्यांच्या पत्नी सुधाताई १९५५ मध्ये म्हापशात सत्याग्रह करून पोर्तुगिजांच्या तुरुंगात गेल्या, हे त्या प्रेक्षकांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने केंद्रशासित राहायचे ठरवले. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मते पडली, बाजूने १,३८,१७०. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके हरलेल्या बाजूला होते. त्यांनी महाराष्ट्रात जायचा कौल दिला त्यामागे भाषेची ओढ होती, तशीच कुळांची आशाही होती. जमीन भाटकाराची, देसायाची किंवा मोकासदाराची, राबणारा दुसराच. महाराष्ट्रातला कुळकायदा आपल्याला लागू होईल, असा त्यांचा हिशेब होता. नंतर गोव्यानेही कूळ-मुंडकारांचे कायदे केले. पण या पट्ट्यातला जमिनीचा गुंता पुरता सुटलेला नाही. सत्तरीत पिढ्यान्पिढ्या काजू लावणाऱ्यांच्या जमिनीचा सात-बाराच्या जागी गोव्यात जो 'एक-चौदा'चा उतारा असतो, त्यावर मालक म्हणून सरकारचे किंवा मोकासदाराचे नाव असते. जानेवारी २०२१ मध्ये शेळ-मेळावली गावात आयआयटीसाठी जागा मोजायला पोलीस आले तेव्हा बायका रानात आडव्या झाल्या, आणि सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. बातम्यांत त्याला पर्यावरणाचे आंदोलन म्हटले गेले. ते होतेही. पण काजूच्या त्या झाडांवर आपला हक्क लिहिलेला नाही, ही जुनी ठसठस त्याखाली होती.

पेडण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या तालुक्याला वेगळे प्रकरण हवे. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधला हा मुलूख डिचोलीचा सख्खा भाऊ. तीच देवळे, तेच दशावतार, कोजागिरीच्या दिवसांतली ती प्रसिद्ध पुनव. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती सीमा इथलीच. आता मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला आहे, जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात, आणि ज्या पठारावर गुरे चरत त्याच्या आजूबाजूच्या जमिनीचे भाव दिल्लीत ठरतात. डिचोलीवर हीच पाळी सत्तर वर्षांपूर्वी आली होती, विमानाऐवजी लोखंडामुळे.

डिचोली-साखळीच्या टेकड्यांतले लोहखनिज अडीच अब्ज वर्षांहून जुन्या खडकांतले आहे. भूशास्त्रज्ञांनी तर गोव्यातल्या एका खडकसमूहाला डिचोलीचेच नाव दिले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलाद हवे होते आणि पोर्तुगीज सरकारला पैसा. पन्नाशीच्या दशकात खाणी भराभर उघडल्या. यंत्रणा सोपी होती: टेकडी फोडायची, ट्रकने माल नदीकाठी आणायचा, बार्जमध्ये भरायचा, मांडवीतून मुरगावला न्यायचा आणि मोठ्या जहाजात चढवायचा. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा धोक्याचा होतो, म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत जात. नद्या नसत्या तर हे कमी प्रतीचे खनिज परवडलेच नसते. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती काढावी लागते, आणि ती माती कुठेतरी टाकावी लागते. पावसात ती शेतात, ओहोळांत, शेवटी नदीत उतरली. २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली, तेव्हा साखळी-पाळी-उसगाव या रस्त्यांवरची झाडे, कौले, वाळत घातलेले कपडे सगळे एकाच रंगाचे झाले होते. शिरगावात खाणींचे खड्डे भूजलाच्या खाली गेले, विहिरी आटल्या आणि तक्रार उच्च न्यायालयापर्यंत पोचली.

मग बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारची स्थगिती, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी. काही काळ सुरू झाल्यावर ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीझेस रद्द झाली. खाण बंद झाली म्हणजे धूळ बसली, हे खरे. पण हप्त्यावर ट्रक घेतलेला माणूस, गॅरेजवाला, खानावळवाली आणि बार्जवरचा खलाशी यांचे दिवसही बसले. खाणीच्या पैशाने गावातल्या कित्येकांनी शेत पडीक टाकले होते, आणि परत शेताकडे वळावे तर त्यात खाणीचाच गाळ होता. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाले, डिचोलीचा गट वेदांत कंपनीकडे गेला आणि २०२४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. साखळीची जुनी खाण मात्र माल संपल्यावर झाडे लावून भरून काढली गेली, आणि १९९९ मध्ये साखळीत फुटबॉलची अकादमी सुरू झाली. सगळ्याच खाणींचा शेवट इतका बरा झालेला नाही.

घाटाकडचा भाग वाचला तो त्यातला काही १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य झाल्यामुळे. साधारण २०८ चौरस किलोमीटर. गवे, अस्वले, शेकरू, नागराज, धनेश हे तिथले नेहमीचे रहिवासी. वाघ आहे की नाही यावर वनखाते बरीच वर्षे गुळमुळीत बोलत राहिले. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ मेलेले सापडले, तेव्हा वाघ नाही म्हणायची सोय उरली नाही. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करायचा आदेश दिला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. गंमत अशी की याच तालुक्यांत गावोगाव वाघदेवाच्या जुन्या मूर्ती पुजल्या जातात.

रानातून बाजारात काय येते ते बघायचे तर पावसाळ्यात साखळीच्या आठवडी बाजारात फिरावे. फागलां, तायकिळा, कोवळे बांबूचे कोंब, आणि वारुळांवर उगवणारी रोयणीची अळमी. अळमी वजनावर नव्हे, मोजून विकतात, रुंद पानांत बांधलेली, आणि भाव ऐकून मटण स्वस्त वाटते. हल्ली वारुळेच उपसून अळमी ओरबाडली जातात, त्यामुळे पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत डोंगरात काजूचा वास भरतो. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड. त्याच्या बोंडांच्या रसापासून भाट्यांवर आधी हुर्राक आणि मग फेणी निघते.

आता पुन्हा पाण्याकडे, कारण पुढच्या पन्नास वर्षांत या भागाचे काय होणार ते तिथे ठरणार आहे. चोर्ल्याच्या वर, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबी गाव आहे. मलप्रभा तिथे उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला, म्हणजे बंगालच्या उपसागराला जाते. त्याच परिसरात पडलेला पण अलीकडच्या उतारावर वाहिलेला पाऊस कळसा, हलतरा, सुर्ला अशा नाल्यांतून म्हादईच्या, म्हणजे वरच्या मांडवीच्या, खोऱ्यात उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. दोन महासागरी खोऱ्यांमध्ये जेमतेम एक धार आहे. ती कालव्याने ओलांडली की पश्चिमेचे पाणी पूर्वेला वळते. हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या पाण्यासाठी कर्नाटकाला तेच करायचे आहे, आणि त्याला लागणारे अंतर इतके कमी असल्यामुळेच ही योजना इतकी मोहाची आहे. या पाण्याच्या वाटपासाठी २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा नाल्यांवरून खोऱ्याबाहेर न्यायचे आहेत.

वर्तमानपत्री चर्चा या आकड्यांभोवती फिरते, आणि त्यात महाराष्ट्राचा छोटा आकडा कुणी वाचत नाही. तो साखळीच्या दृष्टीने मुळीच छोटा नाही. केरीजवळ वाळवंटीच्या उपनदीवर अंजुणेचे धरण आहे; गावे बुडवून बांधलेल्या त्या जलाशयाची क्षमता सुमारे ४४.८ दशलक्ष घनमीटर आहे. १.३३ टीएमसी म्हणजे ३७.७ दशलक्ष घनमीटर, अंजुणेपेक्षा थोडेसेच कमी. दोडामार्ग तालुक्यातल्या विर्डी गावात कट्टी नाल्यावर महाराष्ट्राने धरणाचे काम काढले, रखडवले, पुन्हा काढले. २०२३ च्या सुरुवातीला ते परत सुरू झाल्याचे दिसल्यावर गोवा सरकारने काम थांबवण्याची नोटीस पाठवली. कट्टी नाला वाळवंटीला मिळतो. साखळीजवळचा पडोसे जलशुद्धीकरण प्रकल्प, नदीवरचे बंधारे आणि दोन्ही काठांची कुळागरे याच पाण्यावर आहेत. उन्हाळ्यात वरून प्रवाह घटला की खालून भरतीचे खारे पाणी आणखी वर सरकते.

निवाड्याला तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. तो वाद गोवा आणि कर्नाटकाचा आहे, असे समजणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाने नकाशा उघडून विर्डी शोधावी. ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे.